मागची बाजू कोरी आहे

फॉर्म एकतीस पानांचा आहे.
तो मीच टाइप केला, होमा बेच्या ऑफिसात,
ज्या टेबलावरून सरोवर दिसतं तिथे बसून.
ओगुटूसाहेब म्हणाले होते, अवघडच ठेव.
ज्याला खरंच हवंय तो भरेल,
बाकीचे आपोआप गळतील, आपला वेळ वाचेल.

वेळ वाचला.
दोनशे बारा जणींनी फॉर्म नेला,
एकोणीस जणींनी भरून दिला.
साहेबांनी एका दुपारीत सगळे वाचले
आणि पाच जणींना नर्सिंगची फी मिळाली.
अहवालात मी लिहिलं : प्रक्रिया कार्यक्षम.
एकशे त्र्याण्णव हा आकडा लिहायला
रकाना नव्हता.

रोझलिडा अकुमू त्या आकड्यात आहे.
पहिल्यांदा आली ती विचारायला,
शपथपत्र म्हणजे काय, ते कोण देतं.
वकील देतो, मी म्हटलं, किसुमूला.
म्हणजे जाण्यायेण्याचं मटाटूचं भाडं, वकिलाचे पैसे,
आणि त्या पहाटे होडीवरची ओमेना दुसरीच कुणी उचलणार.
तिने माझ्यासमोर बोटांवर हिशेब केला
आणि हसली,
भाव ऐकून दुकानाबाहेर पडताना माणसं हसतात तशी.

दुसऱ्यांदा आली ती फॉर्म परत द्यायला.
कागद चांगला आहे, म्हणाली,
मागची बाजू कोरी आहे.

सोळा पानं भरलेली. गोल अक्षर, खाडाखोड नाही.
सतराव्यावर प्रश्न :
आयुष्यातल्या एका अपयशाचं वर्णन करा,
त्यातून काय शिकलात ते पाचशे शब्दांत लिहा.
तिथे पेन टेकवल्याचा एक ठिपका.

ज्या एकोणीस जणींनी लिहिलं
त्यांची अपयशं देखणी होती, प्रत्येकाच्या शेवटी धडा.
त्यातली चार एकाच सायबर कॅफेत जन्मलेली,
स्पेलिंगची चूकसुद्धा एकच.

संध्याकाळी किनाऱ्यावर बायका ओमेना निवडत असतात.
वाळत घातलेल्या मासळीतून खडे, शिंपले, शेवाळ
एकेक बोटाने बाजूला.
पाठ त्यांची दुखते, मासळी नुसती पडून असते.
निवडणाऱ्यानेच वाकायचं, अशी रीत.
आम्ही मासळीला सांगितलं,
तूच ऊठ, तूच खडे वेच,
आणि निवडून आलीस की कळव.

सरोवरात जाळ्याच्या भोकालाही कायदा आहे,
बारीक मासा सुटावा, वाढावा म्हणून.
आमच्याही जाळ्यातून बारीकच सुटले.
पण कुठल्या पाण्यात?

काल वीज गेली तेव्हा
तिच्याच फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर मी गुणाकार केला.
पूर्ण भरायला तीस तास, कमीच धरले,
अर्धवट सोडायला पंधरा.
तीन हजार चारशे पासष्ट तास.
कुणाच्या झोपेतून, कुणाच्या बाजारातून,
कुणाच्या तान्ह्या पोराच्या वाट्यातून.
आमच्या हिशेबात ते फुकट होते,
कारण बिल आमच्या नावावर आलं नाही.

एवढ्या तासांत किती बाळंतपणं होतात?
रोझलिडा सांगू शकली असती.
कागद उलटला तेव्हा पाचवं पान वर आलं.
अनुभव, वीस शब्दांत :
आत्या सुईण आहे. रात्री कंदील मी धरते.
दोनदा मूल उलटं होतं, तेव्हा हात माझे लहान म्हणून
आणि तिथे वीस शब्द संपले.

यंदा साहेब म्हणतात चाळीस पानं करू,
गेल्या वर्षी फारच लोक आले.
करते, म्हटलं.
टाइप करताना पाचव्या पानावरची मर्यादा
मी काढून टाकली. अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही.
सतरावं पान आहे तसंच आहे.

नोकरी मलाही हवी आहे.
ती मिळवायला मी बावीस पानं भरली होती,
आणि माझं अपयश
चुलतभावाने लिहून दिलं होतं.